सी ड्राइव्हची इमेज: हार्ड डिस्कच्या पार्टिशनचा बॅकअप मुक्त साधनांनी कसा घ्यावा

अमळनेरमध्ये माझे हिशेबाचे छोटे कार्यालय आहे. दोन आडत दुकाने आणि काही कापूस व्यापारी यांची खाती मी सांभाळतो. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात कार्यालयातील मुख्य संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. खात्यांचा फोल्डर मी दर शनिवारी पेनड्राइव्हवर उतरवून घेत असल्यामुळे आकडे वाचले, पण संगणक पूर्वीसारखा कामाला लागायला अकरा दिवस गेले. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसत, कारण तो फॉन्ट युनिकोडपूर्वीचा होता आणि त्याची सीडी कुठे ठेवली होती हे कोणालाच आठवत नव्हते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना, अशी एकेक गोष्ट शोधून पुन्हा बसवावी लागली.

फोल्डरची नक्कल घेतली म्हणजे माहिती वाचते, पण मांडलेला संगणक वाचत नाही. त्यासाठी ज्या पार्टिशनवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर बसवलेली असतात, त्या संपूर्ण पार्टिशनची इमेज, म्हणजे त्यावरील सर्व काही जसेच्या तसे साठवलेली नक्कल, घ्यावी लागते. हे काम विनामूल्य आणि मुक्त स्रोत साधनांनी उत्तम होते. ते मी कसे करतो हे येथे क्रमाने लिहीत आहे. पडद्यावरील पर्यायांची नावे इंग्रजीत दिसतात, येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

१. आधी समजून घ्यावे: पार्टिशन म्हणजे काय आणि इमेज म्हणजे काय

एकाच हार्ड डिस्कचे जे भाग पाडलेले असतात त्यांना पार्टिशन म्हणतात. आपल्याला सी आणि डी असे दोनच ड्राइव्ह दिसत असले, तरी अलीकडच्या विंडोज संगणकात त्याशिवाय बहुधा १०० एमबीच्या आसपासचे ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचे मायक्रोसॉफ्टचे राखीव पार्टिशन आणि एक रिकव्हरी पार्टिशन असते. ही लहान पार्टिशने डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून नवखा माणूस ती सोडून देतो आणि फक्त सी ड्राइव्हची इमेज घेतो. मूळ डिस्क पूर्ण गेली, नवी आणली आणि तिच्यावर केवळ सी उतरवला, तर संगणक सुरू होत नाही, कारण सुरू होण्यासाठी लागणारी माहिती ईएफआय पार्टिशनमध्ये होती. म्हणून पहिल्या वेळी संपूर्ण डिस्कची इमेज घ्यावी आणि त्यानंतर दर वेळी फक्त सी पार्टिशनची घेतली तरी चालते.

इमेज घेणारी चांगली साधने पार्टिशनचा वापरलेला भागच वाचतात. ५०० जीबीच्या पार्टिशनवर ९० जीबी माहिती असेल तर ९० जीबीच वाचली जाते आणि ती दाबून साठवली जाते. हे काम पार्टक्लोन नावाचा प्रोग्राम करतो. त्याला विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी ४, पेनड्राइव्हची फॅट अशा बहुतेक फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती, ओळखता येतात. एखादी ओळखता आली नाही तर पार्टक्लोन वापरणारे क्लोनझिला हे साधन डीडी या जुन्या पद्धतीने रिकाम्या जागेसकट सर्व काही उतरवून घेते.

२. कोणते साधन घ्यावे

दोन नावे लक्षात ठेवावीत. पहिले क्लोनझिला, जे तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात विकसित झाले आणि जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली सर्वांना खुले आहे. दुसरे रेस्क्यूझिला, ज्यात माउसने चालणाऱ्या खिडक्या आहेत आणि जे क्लोनझिलाने घेतलेल्या इमेजही वाचू शकते. दोन्ही साधने विंडोजमध्ये बसवायची नसतात. ती पेनड्राइव्हवर ठेवून संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा असतो, कारण विंडोज चालू असताना क्लोनझिलाला त्याच पार्टिशनची इमेज घेता येत नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्याने रेस्क्यूझिला घ्यावे असे माझे मत आहे. माझ्याकडील जुन्या, कमी रॅमच्या संगणकांवर मात्र क्लोनझिलाच नीट चालते, म्हणून पुढील पायऱ्या तिच्या आधाराने लिहिल्या आहेत. रेस्क्यूझिलात हेच प्रश्न याच अर्थाने विचारले जातात.

महागड्या बॅकअप सॉफ्टवेअरची फोडलेली प्रत कोणी फुकट टाकून देत असेल तर ती घेऊ नये. ज्या प्रोग्रामच्या हाती संपूर्ण डिस्क सोपवायची, तो कोणाच्या हातून आला आहे हे माहीत असलेच पाहिजे.

३. काय काय लागेल

एक रिकामा पेनड्राइव्ह, ४ जीबीचा असला तरी पुरेल, कारण त्यावर फक्त साधन ठेवायचे आहे आणि त्यावरील सर्व माहिती पुसली जाणार आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क, जिच्यावर मूळ डिस्कच्या वापरलेल्या जागेइतकी तरी मोकळी जागा असेल. जुन्या संगणकातून काढलेली चांगली डिस्क हाताशी असेल तर यूएसबी केसिंग, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याची डबी, घेऊन तीही वापरता येते. असे केसिंग जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सहज मिळते. ही डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी ४ या पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट ३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतील यूपीएस हवा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर जोडूनच बसावे. याशिवाय एक कागद आणि पेन घ्यावे. त्यांचे काम सहाव्या पायरीत येईल.

वेळेचा अंदाज असा धरावा: यूएसबी २.० च्या पोर्टवर साधारण ३० एमबी प्रतिसेकंद वेग मिळतो, म्हणजे १०० जीबीला जवळपास ५५ मिनिटे लागतात. यूएसबी ३.० चा पोर्ट, जो अनेकदा आतून निळा असतो, वापरल्यास वेळ बराच कमी होतो.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बहुतेक हार्ड डिस्क फार तर ६० अंशांपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. बंद केसिंगमधील डिस्क तासभर सलग फिरत राहिली की ती हाताला चटका देण्याइतकी तापते. उन्हाळ्यात मी हे काम सकाळी सहाला सुरू करतो आणि बाहेरची डिस्क पंख्याखाली, कापडावर नव्हे तर फरशीवर किंवा लाकडी फळीवर ठेवतो.

४. संगणकाची पूर्वतयारी

ही पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते आणि सर्वांत जास्त घोटाळे येथेच होतात.

प्रथम डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मुक्त प्रोग्राम विंडोजमध्ये चालवला की डिस्क निरोगी आहे की धोक्यात आहे हे रंगाने कळते. पेंडिंग सेक्टर किंवा रीअलोकेटेड सेक्टर या ओळींतील आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कने काही जागा वाचता येत नसल्याची नोंद केली आहे किंवा बिघडलेली जागा बदलून दुसरी वापरली आहे असे समजावे. अशा डिस्कवर नेहमीच्या पद्धतीने इमेज घेण्याचा हट्ट धरू नये. तिच्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे वेगळे साधन आहे. ते आधी चांगला भाग उतरवून घेते, वाईट भागाकडे नंतर वळते आणि कुठपर्यंत आले याची नोंद एका फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढून सुरू करता येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ती बंद करून जाणकाराकडे न्यावी. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी बिघडते.

दुसरी गोष्ट म्हणजे बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याची विंडोजची सोय. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ मालकाला विशेष जाणवू न देता डिस्क कुलूपबंद करते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवावी, आणि हे बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमधील, कोणताही बदल करण्यापूर्वी करावे, कारण तेथील सिक्युअर बूट या सुरक्षा सोयीला हात लावल्यानंतर विंडोज तीच की मागू शकते. कुलूपबंद पार्टिशन पार्टक्लोनला वाचता येत नाही, त्यामुळे संपूर्ण पार्टिशनएवढी अवाढव्य इमेज तयार होते. मी आधी एन्क्रिप्शन बंद करतो, उलगडणे पूर्ण होईपर्यंत थांबतो, इमेज घेतो आणि मग ते पुन्हा चालू करतो. अशी इमेज कुलुपाविना असते हे ध्यानात ठेवून ती डिस्क कपाटात कुलूप लावून ठेवावी.

तिसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. ही सोय चालू असेल तर विंडोज शटडाउन करते तेव्हा ती पूर्ण बंद होत नाही, काही भाग डिस्कवर तसाच गोठवून ठेवते, आणि अशा स्थितीतील पार्टिशन पाहून क्लोनझिला इशारा देते किंवा काम नाकारते. शिफ्टचे बटण दाबून धरून शटडाउनवर क्लिक केल्यास संगणक खऱ्या अर्थाने बंद होतो. त्याआधी सी ड्राइव्हची चेकडिस्क तपासणी करून घ्यावी आणि रिसायकल बिन रिकामी करावी.

५. पेनड्राइव्ह तयार करणे

क्लोनझिलाच्या स्थिर आवृत्तीची आयएसओ फाइल (संपूर्ण साधन एकाच फाइलमध्ये) तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. तेथे एसएचए-२५६ ची लांबलचक बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तपासणीची खूण, दिलेली असते. सेव्हन-झिप बसवलेले असेल तर फाइलवर उजवे क्लिक करून तीच बेरीज आपल्याकडे काढता येते. दोन्ही जुळल्या तर फाइल अखंड आली. नंतर रुफस हा मुक्त प्रोग्राम उघडून पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडावे आणि स्टार्ट दाबावे. या वेळी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली नसावी, म्हणजे चुकून तीच पुसली जाण्याचा प्रश्न येत नाही.

६. पेनड्राइव्हवरून सुरू करणे आणि डिस्कची नावे लिहून घेणे

संगणक सुरू होताना बूट मेनूचे बटण दाबावे. डेल, लेनोवो आणि एसर यांत बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९, तर असूसमध्ये एफ ८ किंवा एस्केप असते. पेनड्राइव्ह निवडल्यावर क्लोनझिलाचा मेनू येतो. पहिला पर्याय, भाषा इंग्रजी, कीबोर्ड आहे तसा, आणि मग स्टार्ट क्लोनझिला.

आता कागद पुढे घ्यावा. क्लोनझिला लिनक्सवर चालते आणि लिनक्सला सी आणि डी ही नावे माहीत नाहीत. साधी हार्ड डिस्क किंवा तिच्यासारखीच जोडलेली साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, आणि तिच्यावरील पार्टिशने एसडीए १, एसडीए २ अशी दिसतात. नव्या लॅपटॉपमधील एसएसडीचे नाव एनव्हीएमई या अक्षरांनी सुरू होते. पेनड्राइव्हलासुद्धा असेच एखादे नाव मिळते, आणि ही नावे दर वेळी तीच राहतील याची खात्री नसते. काल जी डिस्क एसडीबी होती ती आज एसडीसी असू शकते. म्हणून नावावर विसंबू नये. पुढील पायरीत डिस्कची यादी येते तेव्हा प्रत्येक नावापुढे क्षमता आणि कंपनीचे मॉडेल दिसते, ते कागदावर दोन रकान्यांत लिहावे: जिथून घ्यायचे ती, आणि जिथे ठेवायचे ती. ५०० जीबीची डिस्क कधी ४६५ अशी दिसली तर गोंधळू नये, तो मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे. मूळ डिस्क आणि बाहेरची डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या असतील तर मॉडेल आणि सीरियल क्रमांक जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लॅपटॉपची आतील एसएसडी यादीत दिसतच नसेल तर बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत रेड (आरएआयडी) किंवा व्हीएमडी असण्याची शक्यता आहे. ती परस्पर बदलली तर विंडोज सुरू होणे थांबू शकते, तेव्हा हे काम जाणकाराला सोबत घेऊनच करावे.

७. इमेज घेणे

डिव्हाइस-इमेज हा पर्याय निवडावा. त्याच्याच खाली डिव्हाइस-डिव्हाइस असतो. तो एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर लिहितो आणि दुसरीवरील सर्व काही पुसतो, त्यामुळे बॅकअपसाठी त्याला हात लावू नये. पुढे लोकल डेव्ह निवडून बाहेरची डिस्क जोडावी, ती यादीत दिसू लागल्यावर कंट्रोल आणि सी एकत्र दाबून पुढे जावे. मग इमेज कुठे ठेवायची असे विचारले जाते, तेथे कागदावरील दुसऱ्या रकान्यातील पार्टिशन निवडावे.

येथील एक सापळा अनेकांना भोवला आहे. माझ्या ओळखीच्या एका जिनिंगच्या कार्यालयात सी ड्राइव्हची इमेज नेमाने घेतली जात होती, पण ती ठेवली जात होती त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. डिस्क जळाली तेव्हा मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच गेले. इमेज नेहमी वेगळ्या डिस्कवर असली पाहिजे.

यानंतर बिगिनर निवडावे. संपूर्ण डिस्कसाठी सेव्हडिस्क, ठराविक पार्टिशनसाठी सेव्हपार्ट्स. इमेजला आपोआप तारखेचे नाव सुचवले जाते, त्यापुढे संगणकाची ओळख पटेल असा शब्द जोडावा. सेव्हपार्ट्समध्ये स्पेसबारने पार्टिशनपुढे खूण करावी. दाबण्याच्या पद्धतीबद्दल, फाइल सिस्टीम तपासण्याबद्दल जे विचारले जाते तेथे सुचवलेला पर्याय ठेवावा. इमेज घेतल्यावर ती तपासायची का, या प्रश्नाला मात्र होय असेच उत्तर द्यावे, वेळ वाढला तरी.

शेवटी वाय दाबून संमती दिली की काम सुरू होते. इमेज घेताना मूळ पार्टिशन फक्त वाचले जाते, त्यावर काही लिहिले जात नाही. त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी मूळ माहितीला त्या कामामुळे धक्का लागत नाही. अर्धवट इमेज मात्र निरुपयोगी असते, ती पुसून पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.

८. इमेज खरोखर उतरते का ते पाहणे

क्लोनझिलाने इमेज ठीक असल्याचे सांगितले म्हणजे फाइली वाचता येतात एवढेच सिद्ध होते. तिच्यातून संगणक उभा राहतो का, हे उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. एखादी जुनी, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची डिस्क उसनी मिळवावी. मूळ डिस्क संगणकातून काढून बाजूला ठेवावी, तिच्या जागी ती जुनी डिस्क बसवावी आणि रिस्टोअरडिस्कने इमेज उतरवावी. मूळ डिस्क जोडलेलीच नसल्यामुळे चूक झाली तरी नुकसान होत नाही. क्लोनझिला दोन वेळा विचारते आणि दोन्ही वेळा वाय दाबावा लागतो. ही दोन उत्तरे देताना घाई करू नये, कारण त्यानंतर त्या डिस्कवरील जुने काहीच उरत नाही.

नेहमीच्या मांडणीत ही साधने मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर इमेज उतरवत नाहीत. ५०० जीबीच्या डिस्कची इमेज ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरवायला गेल्यास काम थांबते, वापरलेली जागा ९० जीबीच असली तरी. एसएसडी विकत घेताना हे लक्षात ठेवावे, किंवा इमेज घेण्यापूर्वी जीपार्टेड या पार्टिशनचे माप बदलणाऱ्या साधनाने पार्टिशन लहान करून घ्यावे. तो वेगळा आणि काळजीचा विषय आहे, आणि त्याआधीही एक इमेज घेतलेली असावी.

संगणक सुरू झाला की हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक जुने मराठी पत्र आणि प्रिंटर उघडून पाहावे. माझ्याकडे पहिल्या चाचणीत पत्रातील अक्षरे जशीच्या तशी दिसली तेव्हा ते अकरा दिवस डोळ्यांसमोर आले.

सगळी इमेज नको, त्यातील एकच फाइल हवी असेल तर रेस्क्यूझिलाने इमेज उघडून ती फाइल बाहेर काढता येते.

९. किती दिवसांनी घ्यावी आणि कुठे ठेवावी

खात्यांचा फोल्डर दर आठवड्याला वेगळा उतरवावा. तो बदलत राहतो आणि त्याला पाचच मिनिटे लागतात. सी पार्टिशन एवढे बदलत नाही. त्यासाठी मी आपल्या खानदेशातले चार सण धरले आहेत: आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातील कानबाई, दिवाळी आणि संक्रांत. दोन सणांमध्ये साधारण तीन महिने जातात आणि सणाच्या आधी कार्यालय आवरलेच जाते. दिवाळीची इमेज वहीपूजनापूर्वी होते. याशिवाय विंडोजची मोठी आवृत्ती बदलण्यापूर्वी एक जादा इमेज घ्यावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुने संगणक विंडोज ११ वर किंवा लिनक्सवर नेण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी ती पहिली गोष्ट करावी.

जागा पुरत नसेल तर सर्वांत जुनी इमेज पुसावी, पण नवी तपासून होईपर्यंत नव्हे. किमान दोन इमेज कायम असाव्यात, कारण संगणकात शिरलेला व्हायरस कधीकधी महिनाभराने कळतो आणि तोपर्यंत शेवटच्या इमेजमध्येही तो आलेला असतो.

बाहेरची डिस्क संगणकाला सतत जोडून ठेवू नये. काम झाले की ती काढावी. मी दोन डिस्क आलटून पालटून वापरतो, एक कार्यालयाच्या कपाटात असते आणि दुसरी गावी घरी. प्रत्येकीच्या डब्यावर कागद चिकटवलेला आहे: कोणत्या संगणकाची इमेज, कोणत्या तारखेची, तपासली होय किंवा नाही, आणि क्लोनझिलाचा पेनड्राइव्ह त्याच डब्यात आहे. रिकव्हरी की त्या कागदावर लिहिलेली नाही. ती घरच्या तिजोरीत, बँकेच्या पासबुकाच्या पाकिटात ठेवलेली आहे आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते माहीत आहे.